आसेगावच्या वाटेवरचा खिळा

माझ्या मोटरसायकलला एक कापडी पिशवी कायम अडकवलेली असते आणि तिच्यात हवा भरायचं मशीन असतं. पाण्याच्या बाटलीएवढं आहे, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतं. हवा किती पाहिजे तो आकडा लावायचा, नळी टायरला जोडायची, बटण दाबायचं. हवा पुरी झाली की आपोआप बंद पडतं. एवढी साधी वस्तू, पण मी ती आणली तेव्हा गावानं माझी अशी टर उडवली की विचारू नका. पारावरच्या रिकामटेकड्यांनी मला हवालदार म्हणायला सुरुवात केली. आई म्हणाली, घरात काय कमी हवा येते म्हणून विकत आणली? शेजारच्या काकूनं तर चूल फुंकायला मागितलं, आणि ती चेष्टा करत नव्हती.

माझं डोकं तसं लवकर तापतं. मी एकेकाला सुनावलं. आमचं गाव इंझोरीच्या पुढं, वावर त्याहून आत, आणि वाटेत गाडी बसली तर पंचरवाल्यापर्यंत ढकलत नेण्याशिवाय इलाज नाही. जुन्या गाडीला ट्यूब होती तेव्हा मी एकदा टायरात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ठासून ती घरी आणली आहे. त्याला कुणी हसलं नाही, कारण आमच्याकडं ती रीतच आहे. कुटार भरलं तर शहाणा आणि हवा भरली तर बयताड, असा सगळा न्याय. पुढं हेच हसणारे बैलगाडीच्या रबरी चाकासाठी, पोरांच्या फुटबॉलसाठी मशीन मागायला येऊ लागले. मी दिलं सगळ्यांना, पण बोलल्याशिवाय दिलं नाही.

ते असो. मला सांगायचं आहे ते माझ्या सोयरिकीचं.

त्या साली माझं वय लग्नाच्या हिशेबानं उतरणीला लागलं होतं. नाकीडोळी बरा आहे, व्यसन नाही, वावर घरचं आहे, विहिरीला पाणी आहे. पण शेती करतो म्हटलं की पोरीकडचे चहा पाजून वाटेला लावायचे. पुण्यात कंपनीच्या गेटवर उभा राहणारा चालतो, वावरात उभा राहणारा चालत नाही. मी वरवर म्हणायचो, नाही तर नाही, लग्नावाचून कुणी मरत नाही. खोटं बोलायचो. संध्याकाळी वावरातून आलो की जेवताना आईनं वाढायचं, बाबांनी बातम्या लावायच्या, आणि दिवसभरात काय झालं हे सांगावं असं कुणी माणूसच नसायचं. मला लग्न करायचं होतं, आणि ते होत नव्हतं म्हणून मी सगळ्या जगावर चिडलेला असायचो.

अशात नात्यातल्या एका बाईनं आसेगावकडचं स्थळ आणलं. बाप शेतकरी, पोरगी शिकलेली, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याला द्यायची तयारी. मी फक्त उड्या मारायचं बाकी ठेवलं. पण स्थळ पाहायला जाणार कोण? मोठेबाबा.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. मी लहान असताना आई-बाबा ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर गेले की थेट उन्हाळ्यात परतायचे. तोवर मी मोठेबाबांच्या घरी. ताप आला की कपाळावर पाण्याची पट्टी त्यांनी ठेवली, शाळेत नाव त्यांनी घातलं. त्यामुळं आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर बाबाही तोंड उघडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही उघडत नाही.

माणूस लाख मोलाचा, पण शकुन-अपशकुनाचा भारी नाद. मांजर आडवं गेलं म्हणून त्यांनी ठरलेला बैल सोडून दिला होता. बाजाराला जाताना चपलेचा अंगठा तुटला तर त्याच पावली घरी. आणि गाडीचं म्हणाल तर त्यांचं मत पक्कं होतं: चांगल्या कामाला निघावं आणि गाडीनं बसकण मारावी, याच्याइतका वाईट कौल नाही. देवच सांगतो, जाऊ नको, मग जावं कशाला.

बाबांचे टोंगळे, म्हणजे गुडघे, दुखतात, पण त्यांना यायचं होतं. मोठेबाबा म्हणाले, तीन तिघाडा काम बिघाडा, तू घरीच राह्य. मग आम्ही दोघंच निघालो. तुरी निघाल्या होत्या, हरभरा कापायला आला होता, सकाळचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. आईनं हातावर दही-साखर ठेवली. वेशीपाशी पोचलो तर एका म्हातारीनं विचारलंच, कुठं चालले? मोठेबाबांनी गाडी मागं वळवायला लावली. घरी येऊन पाणी प्यायलो, थोडं बसलो, परत निघालो. मी दात-ओठ खात गाडी चालवत होतो.

मंगरूळपीर यायच्या जरा आधी गाडी मागून लचकायला लागली. ज्यानं मोटरसायकल चालवली आहे त्याला हे कळायला वेळ लागत नाही. मोठेबाबांना काही कळलं नव्हतं, ते मागं बसून पळसाला यंदा फुलं जास्त आहेत असं काहीतरी सांगत होते. पुढं चहाची टपरी दिसली, तिथं मी गाडी घेतली. म्हटलं, तुम्ही चहा सांगा, मला एक फोन करायचा आहे. गाडी टपरीच्या मागं नेली आणि चाक फिरवून पाहिलं. टायरात खिळा. डोकं चकाकत होतं, जणू कुणी मुद्दाम ठोकला.

टायर ट्यूबलेस, म्हणजे खिळा उपटला नाही तर हवा हळूहळू जाते. उपटला की संपलं. पंचरवाला अर्ध्या कोसावर असेल, पण त्याच्याकडं गाडी नेली असती तर मोठेबाबांनी तिथूनच मला घरी नेलं असतं, आणि मी गेलोही असतो. आसेगावच्या त्या घरात कुणी पोहे भिजवले असतील, कुणी नवी चादर अंथरली असेल, त्यांना आम्ही फोनवर काय सांगणार होतो? मी पिशवीतून मशीन काढलं. त्याचा आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. म्हणून गाडीचं इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे त्या आवाजात हा आवाज बुडावा. तिकडून मोठेबाबा ओरडले की पेट्रोल कायले जाळून राह्यला. मी म्हटलं, बॅटरी उतरली आहे, चार्ज होऊ द्या.

पुढं एकदा लघवीच्या नावानं थांबलो, झाडामागं गाडी घेऊन. लघवीला जाताना गाडी सोबत कोण नेतं, हे मोठेबाबांनी विचारलं नाही, देवाची कृपा. तुले शुगर तं नाई, एवढंच काळजीनं विचारलं. मला हसू येत होतं आणि रडूही. मशीनच्या बॅटरीची शेवटची काडी राहिली होती.

पोचलो एकदाचे. घर साधं, अंगण सारवलेलं, बाजूला गुरांचा कोठा. पोरीचे वडील सामोरे आले. त्यांनी आधी आमच्याकडं पाहिलंच नाही, गाडीकडं पाहिलं. पुढचं चाक पाहिलं, मागचं पाहिलं, मग रामराम घातला. मला राग आला. म्हटलं, हा बाबा माझी जुनी गाडी पारखून राह्यला, याला बहुतेक बुलेटवाला पाहिजे. पण पाय धुवायला पाणी आलं, ओसरीवर बसलो, पोहे आले, आणि मोठेबाबा गप्पांत असे रमले की मला बरं वाटलं. पोरगी आली, बसली. मोठेबाबांनी विचारलं, माय, वावरातलं काम येते काय? ती म्हणाली, येते, आणि दूधही काढते, पण बेसनाची पाटोडी मला जमत नाही, ती आईच करते. मोठेबाबा हसले. मला ती तिथंच आवडली.

मग हल्लीच्या रीतीप्रमाणं आम्हाला दोघांना बोलायला बाहेर पाठवलं. अंगणात कोठ्याच्या सावलीत उभे राहिलो. ती काहीतरी विचारत होती, मी हो-नाही करत होतो, आणि माझा एक डोळा तिथंच लावलेल्या गाडीच्या मागच्या टायरवर. टायर चांगलाच बसत चालला होता. निघायच्या वेळी मोठेबाबा येतील, गाडीवर बसायला पाय टाकतील, आणि सगळं तिथंच संपेल. शेवटी तीच म्हणाली की तुमचं लक्ष इथं नाही, पोरगी पसंत नसेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही.

तेव्हा मी सांगून टाकलं. खिळा, मशीन, मोठेबाबांचा स्वभाव, लघवीचं नाटक, सगळं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला आणि ती गाईच्या गव्हाणीला टेकून उभी राहिली.

तिनं जे सांगितलं ते आमच्या मध्यस्थ बाईनं सांगितलं नव्हतं. मागच्या साली तिला पाहायला एक मंडळी निघाली होती. त्यांची गाडी फाट्यावर पंचर झाली. त्यांच्यातल्या कुणीतरी म्हटलं, शकुन बरा नाही, आणि ती मंडळी तिथूनच परत गेली. इथं पानं वाढून तयार होती. बरं, गेली तर गेली, पण ती जिथं-तिथं सांगत गेली. त्यानंतर येतो म्हणणारे येईनासे झाले. नात्यातल्या एका लग्नाला गेली तर तिथल्या बाया एकमेकींना कोपर मारत होत्या. तिचे वडील आता कुणी आलं की आधी गाडीची चाकं पाहतात.

“पंचर गाडी त्यायची झाली,” ती म्हणाली, “अन् नाव माह्यं लागलं.”

माझं डोकं सणकलं. त्या लोकांना मी ओळखतही नव्हतो, पण समोर असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. आणि मग लगेच भीती वाटली, कारण ओसरीवर बसून पोहे खाणारा माझा माणूस त्याच विचाराचा होता. मी म्हटलं, काळजी करू नको, मशीनमध्ये थोडी बॅटरी आहे, इंजिन चालू ठेवतो, गुपचूप हवा भरतो. मोठेबाबांना कळायच्या आत आम्ही निघू. त्यांचा होकार झाला की मग कोण विचारतं. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

ती म्हणाली, “अन् लग्नानंतर कदी गाडी पंचर झाली, तं तवा काय सांगसान?”

गाडी आहे, पंचर होणारच. वावरात साप निघेल, बैल आजारी पडेल, एखाद्या साली सोयाबीन जाईल. आणि प्रत्येक वेळी ओसरीवर बसलेलं कुणीतरी हिच्याकडं पाहील. मी काय दर वेळी इंजिन चालू ठेवणार होतो? ती वाट पाहत होती. घाई करत नव्हती, पण वाट पाहत होती.

मी गाडी स्टँडवरून काढली आणि ढकलत कोठ्याच्या आडून सरळ ओसरीसमोर आणून उभी केली. इंजिन बंदच ठेवलं. नळी लावली, बटण दाबलं. घर्रर्र आवाजानं ओसरीवरची बोलणी थांबली. मोठेबाबा पोह्यांची बशी हातात घेऊनच उठले आणि हे काय म्हणून विचारू लागले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर मी मोठ्यानं बोललो नव्हतो.

“मंगरूळच्या अलीकडंच पंचर झाली होती, मोठेबाबा. तुमी वापस फिरसान म्हणून सांगतलं नाई. खिळा अजून आत हाय.”

पोरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. वडील जागचे हलले नाहीत, फक्त खाली पाहायला लागले, जसं त्यांना पुढचं सगळं माहीतच होतं. मोठेबाबांनी बशी खाली ठेवली, पायऱ्या उतरून आले, टायरापाशी वाकले आणि खिळ्यावर बोट ठेवलं. मग सरळ झाले आणि चपला शोधू लागले. मी त्यांना चांगला ओळखतो. चपला सापडल्या असत्या तर ते चाललेच होते.

ती माझ्या मागं उभी होती. पुढं आली, पण जवळ गेली नाही. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

“बाबा, खिळा रस्त्यावर होता,” ती मोठेबाबांना म्हणाली. “मी तं घरीच होती.”

मशीन आपोआप बंद पडलं आणि अंगणात एकदम शांत झालं. मोठेबाबा तिच्याकडं पाहत राहिले. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मला वाटतं त्यांच्या उभ्या आयुष्यात अपशकुनानं त्यांना कधी तोंड उघडून उत्तर दिलं नव्हतं. मांजर बोलत नाही, चपलेचा अंगठा बोलत नाही. ही बोलली होती, आणि ती म्हणत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती.

“खरं हाय माय तुहं,” शेवटी ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून त्यांनी मला जे काही हासडलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. लबाड म्हणाले, चहाच्या टपरीवर बसवून फसवलं म्हणाले, शुगरची काळजी वाया गेली म्हणाले. मी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि प्रत्येक शिवीनं जीव भांड्यात पडत गेला. कारण चिडलेले मोठेबाबा मुक्कामाला थांबतात, निघून जातात ते गप्प झालेले. भर ओसरल्यावर त्यांनी स्वतःची सोयही करून घेतली. म्हणाले, गाडी बसली असती तर गोष्ट वेगळी, ही तर पोचली, आणि पोचली म्हणजे शकुन पुरा झाला. कुणीही हसलं नाही, पण मला हसू आवरेना.

त्यांनी मला विचारलं, पसंत आहे काय. मी हो म्हटलं. मग तिलाही विचारलं, जे आमच्याकडं फार लोक विचारत नाहीत. तिनं आईकडं पाहिलं आणि मान हलवली. मोठेबाबा परत ओसरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, आणा कुंकू, आणा नारळ, आजच पक्कं करून टाकू.

आमच्याकडं पोरीला कुंकू लावून ओटीत नारळ घातला की सोयरीक झाली. पाहुणे यायचे म्हटलं की पोरीच्या घरी नारळ आधीच आणून ठेवलेला असतो, होकार येवो की न येवो. तिची आई कुंकवाचा करंडा घेऊन आली. तबक आलं, साखर आली. नारळ काही येईना. मोठेबाबांनी परत विचारलं, तशी ती माउली दारातच थांबली आणि कसंबसं म्हणाली की नारळ घरात नाही. मागं आणलेले तसेच पडून राहायचे, म्हणून या खेपेला आणलाच नाही.

मी किल्ली घेतली आणि म्हटलं, फाट्यावरून मी घेऊन येतो. तिचे वडील उठले. मला दुकान दाखवायला म्हणून सोबत येतो म्हणाले, आणि माझ्या मागं बसले. खिळा आत होता, हवा ताजी होती, रस्ता काही लांबचा नव्हता.

गाव मागं पडल्यावर त्यांनी एकच विचारलं. पोट्टीनं तुमाले मागचं सगळं सांगतलं होतं, अन् तरी तुमी गाडी समोर आनली? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं तो हात हलू लागला आणि मला कळलं की ते रडत आहेत. मी मागं वळून पाहिलं नाही. दुकान आलं होतं, ते मी मागं जाऊ दिलं, आणि त्यांचं होईपर्यंत गाडी तशीच हळूहळू पुढं चालवत राहिलो.